आखडलेलं अक्षर

शाळेत होत्या तोवर त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे. निवृत्त झाल्या आणि त्यांच्या अक्षरबाई झाल्या. तेहेतीस वर्षं त्यांनी मुलांची अक्षरं वळणावर आणली होती, पण नाव झालं ते त्यामुळे नव्हे. बाई अक्षर बघून माणूस ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती.

सुरुवात शिक्षकांच्या खोलीत झाली, निव्वळ गमतीने. शिपायाने पाठवलेली रजेची चिठ्ठी बघून बाई एकदा म्हणाल्या होत्या, की हा माणूस आजारी नाही, घरी भांडून बसलाय. ते खरं निघालं. मग कोणी होणाऱ्या जावयाचं पत्र आणून दाखवायचं, कोणी नव्या मुख्याध्यापकांची सही. बाई चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेत आणि सांगत, हा तापट आहे, ही आतल्या गाठीची आहे, याच्या पोटात काही राहत नाही. खरी निघालेली पाच-सहा उदाहरणं लोकांच्या लक्षात राहिली. चुकलेली कोणाच्याच राहिली नाहीत, बाईंच्याही नाही.

बाईंना अक्षर शिकवलं ते त्यांच्या दादाने. वडील लवकर गेले तेव्हा दादा पंधराचा होता आणि बाई सहा वर्षांच्या. दादाने शाळा सोडली आणि एका पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताखाली राहिला. पुढे स्वतःचं दुकान काढलं. दवाखाने, केशकर्तनालयं, दोरखंडांची गोदामं, अर्ध्या गावाच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. हात सढळ आणि जीवही तसाच. उरलेल्या रंगात बोट बुडवून त्याने धाकट्या बहिणीला दुकानाच्या फरशीवर पहिली अक्षरं काढायला शिकवली, आणि नंतर तिच्या शिक्षणाला काही कमी पडू दिलं नाही.

बाई नोकरीसाठी दुसऱ्या गावी आल्या, चार तासांच्या अंतरावर. तेव्हापासून दादा महिन्याला एक पत्र लिहायचा. घराघरांत फोन आले तरी त्याने हा नेम मोडला नाही. चार-चार पानं, ठसठशीत अक्षर, ओळींमध्ये ऐसपैस जागा. दुकानात कोण आलं, कोणाच्या पाटीत कोणती चूक राहिली आणि ती कशी झाकली, वहिनी कशावरून रुसल्या, लेक काय म्हणाली. बाई ती पत्रं पत्र्याच्या पेटीत तारखेने लावून ठेवायच्या.

मग तीन वर्षांपूर्वी पत्रं बदलायला लागली. आधी चाराची दोन पानं झाली, मग एक. अक्षर बारीक झालं. ओळ सुरू व्हायची ती बरी असायची, पण शेवटाकडे शब्द असे दाटीवाटीने बसायचे की वाचायला भिंग घ्यावं लागे. आणि मजकूर? आम्ही ठीक आहोत. हवा बदलली आहे. काळजी घे. बस्स.

बाईंनी ते अक्षर बघितलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं. दादाचं मन आखडलंय.

त्याच सुमारास बाईंच्या निरोपाचा समारंभ झाला. सारी शाळा जमली होती. मुलांनी भाषणं केली, जुने विद्यार्थी लांबून आले. दादाही आला आणि पहिल्या रांगेत बसला. बाई व्यासपीठावरून सारख्या त्याच्याकडे बघत होत्या. तो एकदाही हसला नाही. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा त्याचे हात दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट दाबलेले होते. समारंभ संपायच्या आधीच तो वहिनींच्या खांद्याला धरून उठला आणि निघून गेला. बाईंच्या ते जिव्हारी लागलं. ज्याच्या शाबासकीसाठी जन्मभर धडपडले त्याला दोन टाळ्या जड झाल्या, असं त्यांनी शेजारणीला बोलूनही दाखवलं.

नंतर फोनवर दादा इतका हळू बोलायला लागला की बाईंना वाटे, हा नाइलाजाने बोलतोय. त्यांनी फोन करणं कमी केलं. मग बंद केलं. पत्राला उत्तर म्हणून त्या दोन ओळी पाठवायच्या, अगदी त्याच्याच मापाने. भाचीने दोनदा फोन केला होता. "आत्या, एकदा येऊन जा ना बाबांकडे," एवढंच म्हणाली होती. बाई म्हणाल्या होत्या, बघते. त्यांनी काही बघितलं नाही.

गावातल्या वाचनालयात दर महिन्याला व्याख्यान असे. या वेळी ग्रंथपालाने अक्षरबाईंना बोलावलं. विषय त्यांनीच दिला: अक्षरात दिसणारा माणूस. बाईंनी आठ दिवस तयारी केली. मोठ्या पडद्यावर दाखवायला नमुने हवे होते. विद्यार्थ्यांच्या वह्या होत्या, पण एकाच माणसाचं अक्षर वर्षानुवर्षं बदलत गेलंय असा नमुना एकच होता त्यांच्याकडे. त्यांनी पेटी उघडली. पाच पत्रं निवडली, वरचं 'प्रिय छोटी' आणि खालची सही झाकून त्यांचे फोटो काढून घेतले. नाव नाही म्हटल्यावर कोणाला काय कळणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी जुना राग होता, आणि तो बाहेर काढायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती.

सभागृह भरलं होतं. बाई छान बोलल्या. दादाची पाच पत्रं एकामागून एक पडद्यावर आली तेव्हा लोक पुढे झुकून बघायला लागले.

"हा माणूस मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मनाने मोठा होता. हे पहिलं पत्र बघा, अक्षराला कशी ऐसपैस जागा दिलीय. आता हे तिसरं. ओळ सुरू होते उदारपणाने आणि संपते कंजुषीने. आपलं माणूसही त्याला जड झालंय. हे पाचवं तर पाहा. आणखी दोन वर्षांनी हा गृहस्थ पत्राऐवजी नुसता पूर्णविराम पाठवेल."

सभागृहात हशा पिकला. बाईही हसल्या.

व्याख्यान संपल्यावर लोकांनी गराडा घातला. सगळे पांगले तरी एक मध्यमवयीन स्त्री खुर्चीवर बसून राहिली होती. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. जवळ येऊन तिने विचारलं, की ती पाच पत्रं ज्यांची आहेत ते तुमच्या ओळखीचे आहेत का. बाई हो म्हणाल्या.

"त्यांना डॉक्टरांना दाखवलंय का कधी?" तिने आवाज खाली आणला. "मी डॉक्टर नाही, आणि नुसत्या कागदावरून काही सांगू नये. पण माझ्याकडे कंपवाताचे पेशंट येतात. त्यांचं अक्षर असंच होतं. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटी मुंगीएवढं. हात आखडतो त्यांचा. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, हसू आलं तरी दिसत नाही. आवाज बसतो. घरच्यांना वाटतं, माणूस तुटक वागतोय."

बाईंनी तिला सांगितलं, की मी तेहेतीस वर्षं अक्षरं बघतेय. ती म्हणाली, हो, ते खरंच, आणि पर्स उचलून निघून गेली.

घरी येईपर्यंत बाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. चेहरा. आवाज. गुडघ्यांत दाबलेले हात. त्यांनी पेटीतली सगळी पत्रं पलंगावर पसरली आणि तारखेने लावली. जे आजवर शंभरदा बघितलं होतं तेच पुन्हा बघत होत्या, फरक एवढाच की आता ते दिसत होतं. एका पत्रात 'छोटी' हा शब्द तीनदा लिहून दोनदा खोडला होता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, हाक मारायलाही याला जिवावर येतंय.

दुसऱ्याच दिवशी निघायला हवं होतं. त्या निघाल्या नाहीत. कोणत्या तोंडाने जाणार? दिवसभर त्यांनी घरातली कपाटं आवरली. तिसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली.

दार भाचीने उघडलं. आत्याला बघून ती बाजूला झाली नाही. उंबऱ्यातच उभी राहून तिने हातातला फोन पुढे केला. वाचनालयाने व्याख्यानाची चित्रफीत सगळीकडे पाठवली होती, आणि फिरत फिरत ती तिच्याकडेही आली होती.

"बाबांचं अक्षर मला कळणार नाही असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "बाबांनी अजून बघितलेलं नाही. तू सांगणार आहेस, की मी दाखवू?"

मी सांगते, असं बाई म्हणाल्या. ते त्यांचं त्यांनाही नीट ऐकू आलं नाही.

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. अंगाने अर्धा झाला होता. उजवा हात मांडीवर आपला आपण हलत होता, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, जणू वात वळतोय. चेहरा मात्र स्थिर होता, अगदी समारंभातल्यासारखा. पण डोळे भरून आले होते. बाईंनी तेव्हा डोळ्यांकडे बघितलंच नव्हतं.

वहिनींनी पाणी आणलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वी निदान झालं. दुकान बंद केलं. आता शर्टाची बटणंही त्या लावून देतात. पण पत्र मात्र स्वतःच लिहायचं, हा त्याचा हट्ट. एका पानाला दोन दोन दिवस लागायचे. चार ओळी झाल्या की हात अडकायचा, मग उठायचं, फिरायचं आणि परत बसायचं.

"मी म्हणायचे, वन्संना कळवूया," वहिनी म्हणाल्या. "तर मलाच रागवायचे."

दादा काहीतरी बोलला. ऐकू यावं म्हणून बाईंना खुर्ची त्याच्या गुडघ्याला लावावी लागली.

"वेगळं कळवायचं कशाला," तो म्हणत होता. "छोटी अक्षर बघून सगळं ओळखते. तिला पहिल्याच पत्रात कळलं असणार. विचारायला जड जात असेल तिला, म्हणून विचारत नाही." तो थांबला, दम घेतला. "कळलं होतं ना तुला?"

बाईंनी मान हलवली. हो.

का हलवली, याचा त्यांनी पुढे पुष्कळ विचार केला. त्याला बरं वाटावं म्हणून, असं त्या काही दिवस स्वतःला सांगत राहिल्या. पण ते खरं नव्हतं. त्याच्या नजरेत अजून आपण सगळं ओळखणारी छोटी आहोत, ते त्यांना सोडवलं नाही. दादाने डोळे मिटले आणि त्याचे खांदे सैल पडले. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं काहीतरी त्याने खाली ठेवल्यासारखं दिसत होतं.

स्वयंपाकघराच्या दारात भाची उभी होती. नुसती बघत होती.

"नाही दादा," बाई म्हणाल्या. "खोटं बोलले मी. मला काही कळलं नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न गाळता. निरोप समारंभानंतर आलेला राग. त्याचं मन आखडलंय असं लोकांना सांगितलं ते. पेटी उघडली ते, पत्रं निवडली ते, मोठ्या पडद्यावर लावली ते. पूर्णविरामाचा विनोदही सांगितला. तो सांगताना त्यांना अंगावरचे कपडे कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. वहिनींनी पदराने तोंड झाकलं.

दादाने विचारलं, "लोक हसले?"

"हसले."

"आणि तू?"

"मीही."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला काय वाटतंय ते चेहऱ्यावर दिसत नव्हतं, आणि ओळखायचा प्रयत्न करण्याची बाईंची हिंमतही नव्हती. शेवटी त्याने वहिनींना हात केला, आत जायचंय म्हणून. उभा राहिला, पण पाऊल उचलेना. पाय जमिनीला चिकटल्यासारखा तो तिथेच थरथरत उभा. बाई झटकन पुढे झाल्या.

"तू राहू दे," भाची म्हणाली. तिने बाबांच्या पायापुढे स्वतःचं पाऊल आडवं ठेवलं, त्याने ते ओलांडलं, आणि तेवढ्याने पाय सुटला. दोघं आत गेली. ते सगळं इतक्या सवयीने झालं, की आपण या घरात किती दिवस नव्हतो ते बाईंना तेव्हा उमगलं.

निघताना वहिनी म्हणाल्या, दादाने आत बोलावलंय. बाई पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"माझी पत्रं मला परत दे," तो म्हणाला. "सगळी. तुला लिहिली होती ती. लोकांना नाही."

पुढच्याच आठवड्यात बाई पेटी घेऊन गेल्या. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोणीतरी विचारलं, जड आहे का, वर ठेवू का, तर त्यांनी ती आणखी घट्ट धरली. पेटी वहिनींनी दारातच घेतली. ते झोपलेत, म्हणाल्या. दुपारचे बारा वाजले होते. झोपलेला होता की नव्हता, ते बाईंनी विचारलं नाही.

चित्रफीत काढून टाका, म्हणून त्या ग्रंथपालाकडे गेल्या. तो बिचारा गोंधळला. आजवरच्या कुठल्याही व्याख्यानाला एवढा प्रतिसाद नव्हता, म्हणाला. बाईंनी कारण सांगितलं तेव्हा त्याने मुकाट्याने ती काढली. पण जिथे जिथे गेली होती तिथून कशी परत आणणार? मग बाईंनी त्याच्याकडे पुढच्या महिन्याच्या व्याख्यानाआधीची दहा मिनिटं मागितली.

त्या दिवशीचं व्याख्यान पक्ष्यांवर होतं. माणसं कमी होती, निम्मी नवी. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की गेल्या महिन्यात मी ज्या माणसाला इथे हसले आणि तुम्हाला हसवलं, तो माझा सख्खा भाऊ आहे. त्याला कंपवात आहे. तो मला दोन-दोन दिवस बसून पत्रं लिहीत होता आणि मी त्याला कद्रू ठरवत होते. हे तुमच्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांचं ऐकूनही घेतलं नाही. एवढं बोलून त्यांना माफी मागायची होती, पण माफी इथल्या कोणाची मागायची, तेच कळेना. त्या तशाच खाली बसल्या. कोणीतरी खोकलं. पक्ष्यांच्या अभ्यासकाने घसा साफ केला आणि दिवे घालवायला सांगितले.

बाहेर पडताना एका गृहस्थांनी त्यांना गाठलं. बाईंना वाटलं, दोन शब्द धीराचे बोलतील. गृहस्थांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मुलीला सांगून आलेल्या मुलाचं अक्षर होतं, जरा नजर टाकता का म्हणाले.

"मुलाला भेटलात का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"दोनदा भेटलो की."

"मग मला काय विचारता?"

गृहस्थ खट्टू होऊन गेले. त्यांनी बाहेर जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर बाईंकडे कागद यायचे बंद झाले. काही जण रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवेनासे झाले, काही जरा जास्तच प्रेमाने बोलायला लागले. दुसरे पहिल्यांहून सोसायला कठीण होते.

दर रविवारी बाई दादाच्या घरी फोन करायच्या. वहिनी बोलायच्या: नवी गोळी सुरू केलीय, परवा न्हाणीघरात पडता पडता वाचले, व्यायामाला जातात. दादाला द्या असं म्हणायचं बाईंच्या ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं. पाचव्या की सहाव्या रविवारी वहिनी म्हणाल्या, थांबा हं, आणि फोनवर नुसता श्वास ऐकू यायला लागला. बाई दम धरून थांबल्या. पूर्वी एवढ्यात त्यांनी चिडून फोन ठेवून दिला असता. पुष्कळ वेळाने दादाने विचारलं, "जेवलीस?"

"जेवले," बाई म्हणाल्या. "तू?"

तेवढंच बोलणं झालं. फोन ठेवल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की त्या उभ्यानेच बोलत होत्या.

भाची मात्र बोलत नव्हती. फोन तिने उचलला तर "आई, तुझा आहे" एवढंच म्हणून ती देऊन टाकायची. बाबांनी सोडून दिलं असेल, मी सोडणार नाही, असं ती वहिनींजवळ म्हणाल्याचं बाईंना कळलं होतं. त्यात चूक काही नव्हती. बाईंनी तिची समजूत घालायचा प्रयत्नही केला नाही.

मग एके दिवशी भाचीचा निरोप आला, फोनवर, दोन ओळींचा. गुरुवारी बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंय, आईचा गुडघा दुखतोय, मला एकटीला गाडीत बसवताना जमत नाही. येणार असलीस तर नऊला ये.

बाईंनी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला नाही. 'येते' एवढं लिहिलं आणि बुधवारी संध्याकाळीच त्या गावी जाऊन धर्मशाळेत उतरल्या, कारण घरी राहायला कोणी बोलावलं नव्हतं. गुरुवारी सव्वाआठलाच त्या दादाच्या जिन्याशी पोचल्या. पाऊण तास आधी वर जाणं बरं दिसलं नसतं. त्या पायरीवर बसून राहिल्या. वरून औषधाच्या डब्याची खुडबुड, भाचीचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देण्यासाठी त्या भिंतीला चिकटून बसल्या होत्या. नऊ वाजले तेव्हा उठल्या, साडी झटकली आणि वर जाऊन दार वाजवलं.